हिलालची ढलपी

बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानाच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे, आणि बसलेल्यांपैकी निम्मे लोक काही विकत घ्यायला आलेले नसत. ते सगळे विहिरीवरच्या मोटारपंपांचे मिस्तरी. माझं दुकान पाचोऱ्याला, स्टेशनच्या रस्त्यावर. वायर, स्टार्टर, बेअरिंग, ग्लँडची दोरी असला माल. आमचे वडील कापडवाले. मी हा काळा, तेलकट धंदा मांडला तेव्हा ते म्हणाले होते, "पारसमल, लक्ष्मी तुझ्या दुकानात आलीच, तर बिचारीला टेकायला स्वच्छ जागा नाही." खरंच होतं ते. पण मिस्तऱ्यांना स्वच्छ जागेची गरज नव्हती.

तेव्हा नुकते गावोगाव विजेचे खांब रोवले गेले होते. मोटा गेल्या, विहिरींवर मोटारी बसल्या. मोटार विकायला कंपनीचा माणूस यायचा, ती बिघडली की मात्र कुणीच यायचं नाही. मग कालचा लोहार, परवाचा सुतार, जिनिंगमधला तेल घालणारा, असे लोक मिस्तरी झाले. शाळा नाही, पुस्तक नाही. एकाला जे सापडलं ते त्यानं दुसऱ्याला सांगायचं, एवढीच काय ती विद्या. तिला ते 'गुण' म्हणत. औषधाला गुण येतो, तसा. ओट्याचा नियम असा की एखादा गुण घेतला तर दुसरा टाकून जायचा, आणि ज्यानं गुण आणला त्याचं नाव त्या गुणाला कायमचं चिकटायचं. ओली झालेली मोटार आत दिवा पेटता ठेवून वाळवायची, तो 'उखर्डूचा दिवा'. उखर्डू बोदवडकडचा. पंप पाणी धरत नसला की शेणकाला ओतायचा, तो 'धनसिंगचा काला'. धनसिंग शिंदखेड्याहून यायचा. एवढ्या लांबून फक्त माल घ्यायला कोण येतं? तो गुण घ्यायला यायचा, आणि माल घेतल्यासारखं करायचा.

या सगळ्यांत हिलाल मिस्तरी वेगळा. उंच, वाळलेला, हसला तरी आवाज न होणारा. सदऱ्याला छातीवर त्यानं स्वतः शिवलेला एक भलामोठा खिसा होता आणि त्यात चिनी मातीचे फ्यूज खुळखुळत असायचे. कुठल्याही विहिरीवर गेला की आधी मेन स्विच खाली ओढायचा, फ्यूज उपसून या खिशात टाकायचा आणि मगच मोटारीला हात लावायचा. वर कुणी शहाण्यानं स्विच दाबला तरी वीज हिलालच्या खिशात. हे तो कुणाला शिकवत बसत नसे. सगळेच मिस्तरी तसं करत. मिस्तऱ्याला 'फ्यूज काढून घे' म्हणणं म्हणजे नवरदेवाला 'मुंडावळ्या बांध रे' म्हणण्यासारखं. अपमानच तो.

काही लोकांना दुसऱ्याला खाऊ घालायची हौस असते, हिलालला सांगायची. बायको लवकर गेली होती. एक मुलगी, प्रमिला. तिला शिंदखेडा तालुक्यात दिलेली. जावई पुना, शेतकरी, हसरा, रानाएवढं मन असलेला पोरगा. घरी बोलायला कुणी नाही, म्हणून हा माणूस आठवडाभराचं बोलणं ओट्यावर घेऊन यायचा. मी गल्ल्यावरून त्याला चिडवायचो, "हिलालभाऊ, तुझं डोकं मी बरणीत भरून विकायला ठेवतो." तो लाजायचा. कौतुकाचा भुकेला होता, आणि त्यात वाईट काय? आपल्यात कोण नाही?

मग तो दुष्काळ आला. पाऊस नाही, विहिरी तळाला गेल्या, आणि ज्याच्या विहिरीत जे काही उरलं होतं ते उपसायला सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू. विजेचा दाब इतका पडायचा की दिवा निखाऱ्यासारखा लाल दिसे. स्टार्टरच्या आत एक कॉइल असते. हिरवं बटण दाबलं की ती आतली पट्टी धरून ठेवते आणि मोटार फिरते. दाब पडला की कॉइल पट्टी सोडून देते, मोटार बंद. शेतकरी घरून विहिरीपर्यंत चालत यायचा, बटण दाबायचा, घरी पोचेपर्यंत पुन्हा बंद. लोक रडकुंडीला आले होते. मिस्तऱ्यांना शिव्या खाव्या लागत होत्या.

एका बाजाराला हिलाल आला तो कानामागे बाभळीची ढलपी खोचून, लोक विडी खोचतात तशी. माझ्याकडचा एक स्टार्टर उघडला, ती ढलपी पट्टीमागे दाबून बसवली आणि सगळ्यांकडे पाहिलं.

"हाई देखा. आठे दाबी द्या. मंग कॉइल पट्टी सोडस का देखा."

ओटा पुढं झुकला. धनसिंगनं विचारलं, "नी लाइट जाईसन परत उनी ते?"

"ते मोटार आपेआप चालू. इहिरवर जावानं कामच नही."

काय हशा उसळला! उखर्डूनं तर हिलालची पाठ थोपटली. ढलपीनं लाल बटणही बाद होत होतं, मोटार थांबवायची तर मेन स्विचच ओढावा लागणार होता, आणि वीज परतली की मोटार कुणाला न विचारता फिरणार होती. पण त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, कारण तिथं बसलेला एकही माणूस फ्यूज खिशात घातल्याशिवाय मोटारीला शिवणारा नव्हता. ढलपीचा अर्धा गुण ती ढलपी होती आणि उरलेला अर्धा त्यांच्या हाडात मुरलेली सवय. पहिला अर्धा बोलला गेला, दुसरा बोलायची गरजच कुणाला वाटली नाही.

त्या दिवसापासून 'हिलालची ढलपी' चालू लागली. चालू लागली कसली, धावू लागली. मिस्तऱ्यांकडून ती शेतकऱ्यांनी पाहिली, एका शेतकऱ्याकडून दुसऱ्यानं. तिला ना हत्यार लागत होतं ना मिस्तरी. बाभूळ बांधावर होतीच. पुढं माणसं माझ्या दुकानात येऊन मलाच ती समजावून सांगू लागली, आणि मी हात जोडून ऐकून घ्यायचो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, प्रमिला माहेरी आली होती. सण झाला, ती सासरी गेली, आणि पुढच्या बाजाराला हिलाल माझ्या गल्ल्याशी येऊन उभा राहिला. आनंद पोटात मावत नव्हता त्याच्या.

"शेठ, पोर सांगे, तिना गावमा बठ्ठासनी ढलपी लायेल शे. जवाई ते लोकेसले सांगतस, हाई मना सासरानं डोकं शे म्हने."

"सगळ्या गावानं? मग तू काय म्हणालास?"

"काय म्हनू? हासनू."

एवढंच. जावयाशी मोटारीबिटारीचं बोलायची आपल्याकडे रीत नाही. सासरा आणि जावई भेटले की कापूस, पाऊस, पाहुणे, संपलं. जावयाला 'असं कर, तसं करू नको' सांगणं म्हणजे त्याच्या घरात नाक खुपसणं. हिलाल रीतीचा माणूस. तो हसला आणि आनंदात राहिला.

नंतर लवकरच, बाजार नसलेल्या दिवशी, धनसिंग माझ्या दुकानासमोर उभा दिसला. आत येईना. मी बाहेर गेलो.

"हिलाल कोठे शे?" तो म्हणाला. "त्याना जवाई गया."

मी दुकान बंद केलं. हिलालला घरून घेतलं, पुना बरा नाही एवढंच सांगितलं. जळगावला गाडी बदलली. तो खिडकीशी बसून होता. सगळं समजलं होतं त्याला, माणसांच्या चेहऱ्यांवरून समजतंच. अमळनेर गेलं तेव्हा त्यानं धनसिंगकडे न बघता एकच प्रश्न केला.

"मोटार बंद व्हती का चालू?"

धनसिंगनं मान फिरवली. मला त्या क्षणी त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. हिलालला उत्तर मिळालं होतं.

आम्ही पोचलो तोवर अग्नी देऊन झाला होता. उन्हाळ्याचे दिवस, थांबणार तरी कोण. प्रमिला ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर लहानगी पोर. बापाला पाहिलं तरी तिला रडू फुटलं नाही. हिलाल तिच्यासमोर बसला, हात उचलला, तिच्या डोक्यापर्यंत नेला आणि मधेच खाली घेतला.

झालं ते गावच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं. पाणी खाली गेलं म्हणून पुनानं पंप विहिरीतल्या कपारीवर उतरवला होता. पंपाच्या दांड्यापाशी पाणी अडवणारी ग्लँड गळत होती. दुपारी लाइट गेली, मोटार थांबली, तेव्हा तो पाना घेऊन खाली उतरला. गळ्यात उपरणं होतं. तो वाकलेला असताना लाइट आली. पुढचं मी लिहीत नाही. ज्याला मोटारीचा फिरता दांडा माहीत आहे त्याला लिहायची गरज नाही, आणि ज्याला माहीत नाही त्यानं सुखी राहावं.

मग म्हातारा चाचरत म्हणाला, "मिस्तरी, आज बोलू नये, पण अर्ध्या गावाचं प्यायचं पाणी या विहिरीवर आहे. कालपासून मोटार बंद. ढोरं हंबरतात. तुम्ही आलाच आहात तर..."

माझं डोकं फिरलं. मी काहीतरी कडक बोलणार होतो, पण हिलाल उठला होता. अंगावरच्या प्रवासाच्या कपड्यांनिशी तो विहिरीवर गेला. स्विच खाली होताच, कुणीतरी तो नंतर ओढला होता, अशा वेळी नंतर सगळ्यांनाच सगळं सुचतं. त्यानं फ्यूज काढले, खिशात टाकले. मग स्टार्टरचं झाकण उघडलं.

ढलपी आत होती. नीट तासलेली, कडा घासलेल्या. पुनाचा हात नीटस होता.

म्हातारा आदरानं म्हणाला, "तुमनीच ढलपी शे, मिस्तरी. तिना काय दोष? नशीब त्यानं."

मला वाटतं, त्या लोकांनी हिलालला शिव्या दिल्या असत्या, दगड मारले असते, तर तो वाचला असता. कुणी दोष दिला नाही. कुणाला काही कळलंच नव्हतं. मागं उभ्या असलेल्यांच्या विहिरींवरही ढलप्याच होत्या. त्यानं ती उपसली, फ्यूजबरोबर खिशात घातली, खाली उतरून सगळं स्वच्छ केलं, ग्लँड आवळली आणि वर येऊन फ्यूज परत लावले, हिरवं बटण दाबलं. पाणी आलं. बाया हंडे घेऊन धावल्या. तो पाटाशी बसून हात धूत राहिला. मी हाक मारली तेव्हा उठला, पुन्हा बसला आणि पुन्हा धुवू लागला.

पुढच्या बाजाराला तो ओट्यावर आला, पण बसला नाही. उभ्याउभ्यानं म्हणाला, "ढलपी लावनारले सांगा. पहिले फ्यूज खिसामा, मंग हात मशीनले. हाई बी सांगा."

उखर्डू अगदी मऊ आवाजात म्हणाला, "भाऊ, हे त आपल्याले माहीतच हाये ना."

"आपल्याले!" हिलाल ओरडला. त्याचा आवाज मी प्रथमच एवढा मोठा ऐकला. "आपल्याले शे. लोकेसले कोन सांगी?"

त्यांनी सांगितलं असेल, नसेल. मला विचाराल तर, बहुतेकांनी सांगितलं नाही. युक्तीला पाय असतात, सावधगिरीला उचलून न्यावं लागतं, आणि ओझं कोण उचलणार? मग तोच उचलायला निघाला. सायकलवरून विहीर विहीर फिरायचा, स्टार्टर उघडायचा, ढलपी काढून खिशात टाकायचा. तो वळणावर दिसेनासा झाला की शेतकरी दुसरी तासायचा. एकानं त्याला तोंडावर विचारलं, "तू ढलपी काढी लयशी, मंग मना इहिरवर तू जपशी का?" तूच झोपणार आहेस का इथं? कुणी म्हणालं, जावई गेल्यापासून मिस्तरीचं डोकं ठिकाणावर नाही. कुणी म्हणालं, बैल गेला अन् झोपा केला. म्हणणाऱ्यांत माझं रोजचं गिऱ्हाईकही होतं. मी त्याला तोंडावर सांगितलं, पुन्हा माझ्या ओट्यावर चढू नकोस. तो चढला नाही, त्याचं काही अडलं नाही, माझं समाधान झालं एवढंच.

हिलालला लोकांच्या बोलण्याचं काही नव्हतं. त्याला एकच गोष्ट खात होती, आणि ती तो फक्त माझ्याशी बोलायचा. प्रमिलाला कधी ना कधी कळणार की बापाच्या ढलपीनं नवरा गेला. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी आपण सांगायला हवं. दर वेळी तो ठरवून जायचा आणि न सांगता परत यायचा. मी विचारलं की म्हणायचा, "पोर जेवाले वाढी ऱ्हायनी व्हती, शेठ. कसं सांगू?" पोर वाढत असताना कसं सांगणार, पोर दळत असताना कसं सांगणार. असं वर्ष उलटलं.

पाऊस बरा झाला, पुढचा उन्हाळा आला. दोंडाईच्याला माझ्या मेव्हण्याकडे लग्न होतं. हिलाल म्हणाला, "शेठ, वाटमा उतरा मनासंगे. तुमी ऱ्हायनात ते मी सांगसू." मी उतरलो. खरं सांगतो, जायची इच्छा नव्हती. दुसऱ्याच्या घरात असली गोष्ट बोलली जाताना आपण तिथं कुठं बघायचं, हे कुणी शिकवलेलं नसतं.

प्रमिला विहिरीवर होती. मिरची लावली होती तिनं, तीही एकटीनं. मोटार चालू होती. आम्हाला पाहून तिनं पदर सारखा केला, मला पाणी दिलं. हिलाल सवयीनं स्टार्टरकडे गेला, झाकण उघडलं आणि तसाच उभा राहिला.

आत ढलपी होती. ताजी, हिरवट.

"कोनी लाई हाई?"

"मी," ती म्हणाली.

"तू?" त्याचा आवाज फाटला. "तुले मालूम शे का, हाई काय शे? हाई कोनी शे?"

"मालूम शे, आबा. पहिला दिनपासून मालूम शे. बठ्ठा गावले तुमनं नाव मालूम शे, माले नही व्हई का?"

हिलालच्या हातातलं झाकण खाली पडलं. वर्षभर जे ओझं तो नेत होता आणि आणत होता, ते तिच्या घरात आधीपासूनच होतं. तिनं कधी शब्द काढला नव्हता. बाप येतो, त्याला जेवू घालायचं, परत पाठवायचं.

"मंग कसाले लाई?" तो जवळजवळ रडत होता.

"लाइट कव्हय बी येस, कव्हय बी जास. पोर घरमा एकली. मी घडीघडी कशी येवू? नी मिरची ते पानी मांगस."

"मंग फ्यूज खिसामा ठेव! उतरानं पहिले फ्यूज काढ नी खिसामा ठेव!"

प्रमिलानं स्वतःच्या लुगड्याकडे पाहिलं. रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. खरोखरच शोधल्यासारखं पाहिलं.

"मना लुगडाले खिसा कोठे शे, आबा?"

हिलाल स्टार्टरखाली जमिनीवर बसला. फ्यूज काढून कुठंही ठेवता येतात, दगडावर, पदराच्या गाठीत, हे मलाही कळत होतं आणि त्यालाही. पण दगडावरचा फ्यूज कुणी येणारा-जाणारा पुन्हा लावू शकतो, आणि पदराची गाठ घेऊन विहिरीत उतरायला लावणं, ज्या विहिरीत उपरण्यानं माणूस नेला तिथं, हे कोणता बाप सांगेल?

संध्याकाळच्या गाडीला तो माझ्याबरोबर आला नाही. "शेठ, तुमी जा," म्हणाला. पाचोऱ्यातलं घर त्यानं तसंच टाकून दिलं. मिस्तरीकी सोडली. ओट्यावर त्याची जागा काही दिवस मोकळी राहिली, मग कुणीतरी बसलं. नवी पोरं 'हिलालची ढलपी' म्हणत राहिली. त्यातल्या कितीतरी जणांना हिलाल हे माणसाचं नाव आहे हे ठाऊक नव्हतं.

काही वर्षांनी मी पुन्हा दोंडाईच्याला जाताना त्या गावी उतरलो. हिलाल विहिरीशेजारी निंबाखाली स्टार्टरला पाठ लावून बसला होता. खूप म्हातारा दिसत होता. ढलपीची जागा आता त्यानं घेतली होती. मोटार बंद पडली की बटण तोच दाबायचा, रात्रंदिवस तिथंच असायचा. प्रमिला खाली उतरून ग्लँड आवळत होती, त्याचे गुडघे आता उतरू देत नव्हते. लाइट गेलेली होती. त्यानं मला बसायला पोतं पसरलं, आणि आम्ही मिरचीबद्दल बोललो.

बोलता बोलता लाइट आली. शेजारच्या वावरात कुणी नव्हतं, तरी तिथली मोटार फिरायला लागली. मग नाल्यापलीकडची, मग त्याच्याही पुढची, आणि हळूहळू साऱ्या शिवारातून घरघर ऐकू यायला लागली, कुणी बटण दाबलं नव्हतं तरी. फक्त आमच्या पाठीशी शांत होतं.

हिलाल दोन्ही हातांनी छातीवरचा खिसा आवळून उभा राहिला होता. आत फ्यूज वाजत होते. तो विहिरीत वाकून ओरडला, "प्रमिला! हात काढी ले!"

खालून तिचा शांत आवाज आला, "आबा, फ्यूज ते तुमनाजोडे शेतस ना."

"शेतस," तो म्हणाला. "तरी काढी ले."

ती वर येईपर्यंत त्यानं खिसा सोडला नाही.